जरा बेस काढून द्या!

माझा नवरा म्हणतो, तू किस्से सांगत नाहीस, भांडणं सांगतेस. खरंय ते. शांत माणसाच्या डोक्यात किस्सा टिकतच नाही. तो हसतो, पाणी पितो आणि विसरून जातो. माझ्यासारख्या तापट बाईचं तसं नाही. एकेक गिऱ्हाईक डोक्यात असं रुतून बसतं, की पंधरा वर्षांनी भाजी निवडतानासुद्धा मी त्याला उत्तर देत असते!

आमचं दुकान औरंगपुऱ्यात, तीन पायऱ्या चढून वर. मूळ वडिलांचं, रेडिओ दुरुस्तीचं. ते गेल्यावर भावांपैकी कुणालाच ते नको होतं, म्हणून मी बसले. स्पीकरचा फाटका कागदी कोन काढायचा, नवा डकवायचा, आतली तारेची गुंडाळी केसाएवढ्या फटीत सरळ बसवायची, हे काम मी दहावीत असल्यापासून वडिलांच्या शेजारी बसून शिकले होते. मागच्या खोलीत जब्बारचाचा स्पीकरची खोकी बनवायचे. सुतार माणूस. वडिलांच्या वयाचे, आणि रागात माझ्या दोन पावलं पुढं.

कॅसेटचा जमाना होता, मग सीडीचा आला. गिऱ्हाइकाचं वाक्य काही बदललं नाही. "नवीन घ्यायला परवडत नाय. ह्याच्यातूनच जरा बेस काढून द्या!" बेस म्हणजे तो छातीत वाजणारा खालचा आवाज. आणि काढून द्या म्हणजे कसं, मी जणू म्हशीखाली चरवी घेऊन बसलेय!

*

बसले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. एक गृहस्थ दोन स्पीकर रिक्षातून घेऊन आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"मिस्त्री कुठायत?"

"बोला ना. काय होतंय?"

"नाय, मिस्त्री आले की सांगतो."

आणि बसले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर एक कोन डकवत होते. हात हलला की काम गेलं, असलं काम. ते पेपर वाचत होते. मधे एकदा त्यांनी माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी उठून दिलं. पाणी पिता पिता कौतुकानं म्हणाले, "छान डकवता हो. आमच्या घरीपण असं भरतकाम वगैरे करतात."

भरतकाम!

तासाभरानं जब्बारचाचा प्लायवूडची फळी खांद्यावर घेऊन आले. गृहस्थ ताडकन उभे राहिले. "या मिस्त्री! एकेक स्पीकर लावला तर बरा वाजतो. दोन्ही बरोबर लावले की बेस गायब. सगळं पोकळ."

त्या एका वाक्यात मला रोग कळला होता. पण मला कोण विचारतंय!

चाचांनी फळी भिंतीला टेकवली, घाम पुसला आणि म्हणाले, "भाईसाब, मैं तो सुतार. डॉक्टरनी सामने बैठी है, और तुम वार्डबॉय कू नाडी दिखा रे!"

गृहस्थ हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी उठले, एका खोक्याचं मागचं झाकण उघडलं. आतली तार उलटी जोडलेली होती. एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि दोघं मिळून बेस खाऊन टाकतात. लालच्या जागी लाल, काळ्याच्या जागी काळी. दोन मिनिटांचं काम. कॅसेट लावली तर टेबलावरचे स्क्रू उड्या मारायला लागले.

गृहस्थांचा चेहरा उजळला. ते माझ्या अंगावरून पुढं गेले आणि चाचांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "वा मिस्त्री! हाताला गुण आहे तुमच्या!"

*

भगवान नावाचा एक तरुण होता, वाळूजला कंपनीत कामाला. लग्न होऊन महिना झालेला. घरात आणलेली पहिली वस्तू म्हणजे एक होम थिएटर. बायकोला मागं बसवून, खोकं तिच्या मांडीवर देऊन त्यानं ते मोटरसायकलवरून घरी नेलं होतं. वर वॅटचा आकडा असा छापलेला, की तेवढी वीज खरंच ओढली असती तर गल्लीत अंधार झाला असता.

"पण बेसच नाय, ताई. सगळं किनकिन वाजतंय."

"घेताना वाजवून नाही बघितलं?"

"दुकानदार म्हणला, वाजवायचं काय, उचलून बघा! वजनावरनं माल कळतो."

चाचांनी मागचे स्क्रू काढले. आत बघितलं. मग मला बोलावलं. आत लाडवाएवढ्या चुंबकाचा एक स्पीकर होता, आणि खाली तळाला पट्टी मारून बसवलेला सिमेंटचा ठोकळा. वजन होतं ते त्याचं!

भगवाननं शेजारी उभ्या बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "माझी मांडी दोन दिवस दुखत व्हती, ती ह्या सिमेंटानं?"

माझं डोकंच सटकलं. ठोकळा पेपरात गुंडाळला, दुकानाला कुलूप घातलं, आणि आम्ही चौघं त्या दुकानात गेलो. काचेचा दरवाजा, आत एसी. मी ठोकळा काउंटरवर ठेवला. "याचे किती वॅट?"

दुकानदार जराही हलला नाही. "मॅडम, ही टेक्निकल गोष्ट आहे. तुम्हाला नाही कळायची. व्हायब्रेशन कंट्रोल करायला असतो तो. सेट हलू नये म्हणून."

"आणि स्टिकरवरचा आकडा?"

"ती पीक पॉवर असते मॅडम. एका क्षणापुरती."

"तो क्षण कधी येतो ते सांगा. आम्ही थांबतो!"

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आत आलं. दुकानदाराची चुळबुळ सुरू झाली. एकदा इकडं बघायचा, एकदा तिकडं. चाचांनी ठोकळा दोन्ही हातांनी उचलला आणि अगदी अदबीनं पुढं झाले.

"सेठ, तुम बहुत हिल रे. सर पे रख दूं?"

सेट परत घेतला त्यानं. ठोकळा मात्र चाचांनी दिला नाही. मग त्यांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांचं एक मोठं खोकं केलं, मी मोडीतला एक मोठा स्पीकर नव्या कोनासकट त्यात बसवला. भगवान न्यायला आला तेव्हा त्यानं आधी ते उचलून बघितलं. मग खाली ठेवलं आणि चाचांना हळूच विचारलं, "वजन लई लागतंय चाचा... आत काय नाय ना?"

*

ज्योतीनगरात एक सर राहायचे. कॉलेजात शिकवायचे. त्यांचा निरोप आला, घरी येऊन बघा. स्पीकर तीनदा बदलले, पण बेस मिळत नाही.

गेले. स्पीकर चांगले होते, जोडणी बरोबर होती. सर बरोबर खोलीच्या मधोमध सोफ्यावर बसलेले, डोळे मिटून. मी शेजारी उभी राहून ऐकलं. खरंच बेस नव्हता.

स्पीकर भिंतीजवळ सरकवले, फरक नाही. कोपऱ्यात ढकलले, थोडा फरक. बेसचं पाण्यासारखं असतं. खोलीत काही जागी तो साचतो आणि काही जागी कोरडं ठणठणीत. सरांचा सोफा बरोबर कोरड्या जागी होता.

"सर, सोफा दोन-तीन फूट मागं घेऊ या."

"सोफा हलणार नाही," सर म्हणाले. "ती माझी जागा आहे. तुम्ही स्पीकरचं बघा."

"स्पीकरमधे काही नाही सर. बेस खोलीत आहे, तुमच्या सोफ्यावर नाही."

"बाई, मला फिजिक्स शिकवू नका."

मी रागानं घरभर हिंडायला लागले. हात पुढं करून, बेस कुठं आहे ते शोधत. हॉलला लागूनच उघडं स्वयंपाकघर होतं. तिथं ओट्याच्या कोपऱ्यात गेले, आणि काय सांगू! सगळा बेस तिथं जमून बसला होता. मांडणीतल्या ताटल्या थरथरत होत्या. वहिनी पोळ्या करत होत्या.

"इथं रोज असंच वाजतं?" मी विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाल्या. "अकरा वर्षं. माझं डोकं उठतं, भांडी सरकतात. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुला संगीतातलं काही कळत नाही."

मी सरांना हाक मारली. ते नाइलाजानं आले, ओट्याच्या कोपऱ्यात उभे राहिले. ऐकलं. डोळे मोठे झाले. "अरे, हाच! हाच पाहिजे मला! हाच बेस!"

वहिनींनी लाटणं त्यांच्या हातात दिलं.

"मग उभे राहा. बारा पोळ्या राहिल्यात. बेस आपोआप मिळंल."

*

सिल्लोडचे अय्यूबसेठ कापसाचे व्यापारी. मोठा माणूस, पण गाण्यासाठी स्वतः जीप चालवत यायचे. त्यांचा स्पीकर चांगला, खोकं चांगलं, पण आवाज घुमायचा. रिकाम्या पिंपात तोंड घालून ओरडल्यासारखा.

मी म्हणाले, "आत थोडा कापूस भरा. आवाज आतल्या आत आपटायचा थांबला की बेस गोल येतो. काही विकत घ्यायला नको."

सेठ पोट धरून हसले. "बाई, मेरेकूच कापूस सांगताय? आज भरतो!"

पंधरा दिवसांनी जीप करकचून थांबली. सेठनी खोकं काउंटरवर आपटलं. "काय सांगितलं तुम्ही! पूरा स्पीकर बर्बाद!"

चाचांनी स्क्रू काढायला घेतले. तिसरा निघाला तसं आत काहीतरी खसपसलं. चौथा निघाला आणि एक गलेलठ्ठ उंदीर बाहेर आला. माझ्या हातावरून, सेठच्या टोपीवरून, पायऱ्यांवरून थेट गटारात! कोनाला रुपयाएवढी खिडकी पडली होती. आत कापूस ठासून भरलेला. सरकीसकट! शेतातून आला तसा.

"अहो सेठ! मी पिंजलेला कापूस म्हणाले होते!"

"कब बोले? कापूस बोले. थोडा बोले. पिंजलेला नाय बोले!"

मी आठवून बघितलं. खरंच नव्हते म्हणाले. आपण बरोबर असताना येतो त्यापेक्षा आपण चुकलेलो असताना येणारा राग लई वाईट. मी सेठवर अर्धा तास चिडून बोलले, आणि बोलता बोलताच त्यांचा कोन बदलून दिला, पिंजलेला कापूस हातानं भरून दिला. वाजवून दाखवलं. बेस गोल, गुळगुळीत.

सेठनी ऐकलं. दाढी खाजवली.

"अच्छा है," म्हणाले. "पण बाई, खरं सांगू? उंदीर आत पळायचा ना, तवाचा बेस काय और होता!"

*

माझं सासर पिशोरचं. माझा नवरा, विलास, शहरात नोकरीला. माझं दुकान आहे हे सासऱ्यांनी गावात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सून काय करते विचारलं की म्हणायचे, "घरीच असती." मला ठाऊक होतं. मी गिळत होते.

पोळ्याला गावी गेलो. अंगणात बैल सजवणं चाललेलं, ओट्यावर टेपरेकॉर्डर. त्याचे दोन बोटभर स्पीकर चिमण्यांसारखे चिवचिवत होते. सासरे कुरकुरायला लागले, "ह्याच्यावर बैल काय, कोंबडंबी नाचायचं नाय."

परतताना थेट दुकानात जायचं म्हणून सामानाची पिशवी माझ्याबरोबर होती. त्यात एक मोठा स्पीकर होता. खोकं नव्हतं. कोपऱ्यात मला रिकामा रांजण दिसला. मी त्याच्या तोंडावर फडक्याची चुंबळ ठेवली, वर स्पीकर बसवला, तोंड आभाळाकडं. फटीतून हवा जायला नको म्हणून सासूबाईंकडून कणीक मागून घेतली आणि सगळीकडून लिंपून टाकली. तार जोडली.

रांजणानं जो हुंकार दिला! बैलांनी कान टवकारले. शेजारच्या अंगणातली माणसं आली, मग पलीकडच्या आळीतली. म्हातारी माणसं रांजणाला हात लावून बघायला लागली. कुणीतरी विचारलं, "आण्णा, कुणी केलं हो हे?"

सासरे छाती फुगवून म्हणाले, "आमच्या विलासनं! शहरात शिकलेला हाये तो."

विलास चार हातांवर बैलाची शिंगं रंगवत होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघितलं. आणि पुन्हा शिंग रंगवायला लागला!

माझ्या हाताला अजून कणीक होती. मी पुढं झाले, सगळ्यांसमोर लिंपण उचकटलं, तार ओढली, स्पीकर काढून त्याच्या हातात दिला.

"घ्या. बसवा."

"अगं, आत्ता..."

"तुम्हीच केलंय ना? बसवा!"

त्यानं दुसऱ्याचं रडकं मूल धरावं तसा तो स्पीकर धरला. रांजणावर ठेवला, तोंड खाली करून, तिरपा. तार जोडली. आतून विहिरीतल्या बेडकासारखा आवाज आला. माणसं हसायला लागली. सासरे म्हणाले, "आरं, आत्ता तर चांगलं वाजत व्हतं! काय केलंस?"

विलास उभा राहिला. कान लाल झाले होते. म्हणाला, "मला येत नाय आण्णा. ती करती. शहरातलं दुकान तीच चालवती. माझ्या पगारात घर भागत नाय, दुकानावर भागतंय."

सासरे जमिनीकडं बघायला लागले.

सासूबाई चार माणसांत कधी बोलायच्या नाहीत. त्या दारातून, पदर सावरत म्हणाल्या, "नावं घ्यायलाच लागलात तर कणीक माझी व्हती. तेबी सांगा!"

*

जब्बारचाचांचा नियम होता. सहा महिन्यांत सेट नेला नाही, तर तो मोडीत. त्यावरून त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांशी भांडणं केली. पण वरच्या फळीवर जुन्या चादरीत बांधलेला एक सेट वर्षानुवर्षं तसाच होता. मी हात लावला की ओरडायचे, "उसकू नको छेड!"

एका दुपारी एक माणूस आला. चाळिशीचा, डोक्याचे केस बारीक कापलेले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं घडी पडून फाटायला आलेली पावती काढली. वडिलांच्या अक्षरातली.

"ताई, सेट आहे का हो?"

मी पावतीकडं बघून म्हणाले, "इतकी वर्षं कुठं होतात?"

"अलका!" मागून चाचा ओरडले. "तेरेकू क्या करना है? सेट लगा!"

गिऱ्हाइकासमोर त्यांनी मला कधीच असं तोडलं नव्हतं. माझा तिळपापड झाला. मी सेट उतरवला, कॅसेट घातली आणि रागारागानं बेसचं बटण शेवटपर्यंत पिळलं. घे बेस! काउंटर हादरला.

तो माणूस एकदम मागं सरकला. भिंतीला टेकला.

"ताई, ते काढा."

"कमी करू?"

"काढूनच टाका. बारीक आवाज पाहिजे. कुणी शेजारी बसून बोलल्यासारखा."

मी बटण पार शून्यावर आणलं. इतक्या वर्षांत तसं सांगणारा तो एकटा. त्यानं कॅसेटची पूर्ण बाजू उभं राहून ऐकली, मग सेट उचलून गेला.

समोरचा पानवाला म्हणाला, "हर्सूलच्या जेलातून सुटला ना तो?"

मी आत जाऊन चाचांवर तोंड सोडलं. मला आधी सांगायला काय झालं होतं! चाचा रंधा मारत होते. थांबले नाहीत.

"उसकी बीवी हर साल आती थी. सेट है ना, इतनाच पूछती थी. मैंने एक बार भी नहीं पूछा, आदमी किधर है," ते म्हणाले. "तूने आतेच पूछा."

*

आता हे शेवटचं. हे मी कमी वेळा सांगते.

सिडकोत दोन भाऊ राहायचे, प्रकाश आणि सुनील. जोडघरं, मधे एकच भिंत. वडील गेल्यावर गच्चीच्या जिन्यावरून त्यांचं बिनसलं होतं. आई, इंदूबाई, महिनाभर ह्या घरात, महिनाभर त्या घरात. हे सगळं मला नंतर कळलं. आधी नुसता थोरला आला, जुना डेक घेऊन.

"बेस पाहिजे. भिंतीपलीकडं गेला पाहिजे असा."

"भिंतीपलीकडं कोण राहतं?"

"भाऊ."

मी हसले. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. त्या दिवसांत मलाही दोन-चार भिंतींपलीकडं आवाज पोचवायचा होता. मी त्याला जुन्यातून एक मोठा स्पीकर करून दिला. वर युक्तीही सांगितली. खोकं मधल्या भिंतीला पाठ लावून चिकटवा, म्हणजे भिंतच वाजेल.

दहा दिवसांनी धाकटा आला. डोळे लाल.

"माझ्या भावाला करून दिलात ना? मला त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा पाहिजे."

चाचांनी हातातली करवत खाली ठेवली. "अलका, नको कर. ये बेस नै है, ये दुश्मनी है. मैं डब्बा नहीं बनाता."

"चाचा, मी दुकानदार आहे, सरपंच नाही! गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं."

"तेरा बाप नहीं देता."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. माझ्या अंगाची आग झाली. मी दुसऱ्या सुताराकडून खोकं करून आणलं आणि त्यात जीव ओतला. तारेची गुंडाळी तीनदा बसवली, एका केसाचाही फरक ठेवला नाही. बाई आहे म्हणून मला पाणी मागणारे, टेक्निकल गोष्ट कळायची नाही म्हणणारे, सगळे त्या कोनामागं डकवले. माझ्या हातून तेवढं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं. चाचा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नंतर त्या गल्लीतलं एक गिऱ्हाईक सांगत आलं. "काय केलंय ताई तुम्ही! एक सुरू झाला की दुसरा सुरू. बादलीतलं पाणी थरथरतंय. लोकांनी तक्रार केली, पण दोघं ऐकत नाहीत." मी वरवर हळहळले. आतून, खरं सांगते, फुगले.

चारेक महिने गेले असतील. एके दिवशी दुपारी एक म्हातारी बाई पायऱ्या चढून वर आल्या. नऊवारी, हातात जड कापडी पिशवी. धाप लागलेली. चाचांनी स्टूल पुढं केलं, पण त्या बसल्या नाहीत.

"स्पीकर करती ती बाई तूच का?"

"हो. बोला आजी."

त्यांनी पिशवीतून एक बिनखोक्याचा स्पीकर काढला आणि काउंटरवर ठेवला. मग दुसरा. मी दोन्ही ओळखले. आपल्या हातचं काम न ओळखायला काय झालं! दोन्ही कोनांच्या बरोबर मधोमध एकेक भोक होतं. आरपार.

चाचांनी वाकून बघितलं. "ये किससे हुआ?"

"बत्त्यानं," इंदूबाई म्हणाल्या. "आधी थोरल्याच्या घरात गेले. मग धाकट्याच्या."

सवयीनंच माझ्या तोंडातून निघून गेलं, "होईल दुरुस्त आजी. नवा कोन टाकावा लागेल."

त्यांनी दोन्ही स्पीकर माझ्याकडं सरकवले.

"दुरुस्तीला नाय आणले. तुझ्या हातचे हायेत, असं दोघंबी म्हणत व्हते. तुझे तुला परत द्यायला आले."

पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि निघाल्या. मी काउंटरच्या बाहेर आले. "आजी, मुलं काही बोलली का हो तुम्हाला?"

इंदूबाई दुसऱ्या पायरीवर थांबल्या. कठड्याला हात धरून मागं वळल्या.

"बोलली तर! काल सांजच्याला दोघंबी माझ्यावर वरडत व्हते. एकाच खोलीत, शेजारीशेजारी बसून. दोन वर्षांत पहिल्यांदा!"